आधी समोरच्याचे म्हणणे

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेणारी मुले साधारण तीन वाटांनी येतात. काहींना अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र हवे असते, तिथल्या जागा भरलेल्या असतात आणि खिडकीवरचा कारकून सांगतो की तत्त्वज्ञानात अजून जागा आहेत. काहींनी ऐकलेले असते की यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम त्यातल्या त्यात आटोपशीर आहे. आणि वर्गात दोनतीन मुले अशी असतात, ज्यांना खरोखरच काहीतरी छळत असते. देव आहे की नाही, आजी गेली म्हणजे नेमके काय झाले, चांगले वागायचे ते कशासाठी. यातले कोण टिकेल याचा अंदाज जूनमध्ये बांधू नये, असे मी नव्या सहकाऱ्यांना सांगत असे. जागा नाही म्हणून आलेला मुलगा पुष्कळदा टिकतो, आणि प्रश्नांनी छळलेला मुलगा दिवाळीनंतर दिसेनासा होतो. त्याला उत्तर हवे असते आणि इथे तर भलतेच काही शिकवायला लागतात.

ते भलतेच काही म्हणजे काय, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना नीट सांगणारी पुस्तके मराठीत फार नाहीत. पुढचे पुस्तक तो प्रयत्न करते, म्हणून त्याची प्रस्तावना लिहायचे मी कबूल केले. लेखकाची ओळख करून देण्याचा रिवाज मी पाळणार नाही. ओळख करून द्यायची ती विषयाची.

घरच्यांची अडचण निराळीच असते. मुलीने तत्त्वज्ञान घेतले असे कळले की आत्याला वाटते, ही आता प्रवचनांच्या नादी लागणार. मामाला वाटते, ही आता जेवताना फिलॉसॉफी झाडणार. दोघांची चूक एकच आहे. तत्त्वज्ञान म्हणजे भारदस्त मतांचा साठा, मग ती संतांची असोत की ग्रीकांची, आणि तत्त्वज्ञान शिकणे म्हणजे तो साठा तोंडपाठ करणे, असे दोघे धरून चालतात. खेदाची गोष्ट अशी की आपल्या प्रश्नपत्रिकाही तेच धरून चालतात. देकार्तचे आत्म्याविषयीचे मत स्पष्ट करा. चार्वाकांची प्रमाणविषयक भूमिका थोडक्यात सांगा. टिपा लिहा : मायावाद. गाईडात याची दीडदीड पानांची उत्तरे तयार असतात आणि ती उतरवली की फर्स्ट क्लास कुठे जात नाही. तीन वर्षांत विद्यार्थ्याच्या वहीत पंचवीसतीस थोर माणसांची मते गोळा होतात. ती एकमेकांशी जुळत नाहीत. का जुळत नाहीत, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही कुणाला विचारत नाही.

मत हा तत्त्वज्ञानातला सर्वांत शेवटचा आणि सर्वांत कमी कामाचा भाग आहे. ते कोणत्या आधारांवर उभे आहे, त्यातला कोणता आधार कच्चा आहे आणि विरोधकाने नेमका कोणता हलवला, अभ्यास करायचा तो याचा. म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. पदवीच्या अभ्यासातून बाहेर पडणाऱ्या मुलाला दुसरे काही आले नाही तरी चालेल, पण जे आपल्याला मुळीच पटत नाही ते म्हणणे, ज्याचे आहे त्याने मान डोलवावी इतक्या ताकदीने, मांडता आले पाहिजे. आपल्याकडच्या शास्त्रकारांनी याला पूर्वपक्ष म्हटले आणि तो मांडल्याशिवाय स्वतःचा सिद्धान्त सांगायचा नाही अशी शिस्तच घालून घेतली. ही शिस्त आपण अभ्यासक्रमातून कधी घालवली कोण जाणे.

नुसते म्हणून भागणार नाही, दाखवायला हवे. चार्वाकाचेच घ्या. गाईडातले पहिले वाक्य ठरलेले असते : चार्वाक फक्त प्रत्यक्ष हेच प्रमाण मानतात. पुढे कर्ज काढून तूप पिण्याच्या श्लोकाचा उल्लेख, मग दोन ओळींत खंडन, की प्रकरण आटोपले. वर्गात तुपाच्या श्लोकावर हशा पिकतो आणि सगळे बौद्धांकडे वळतात. आता चार्वाकाच्या बाजूने उभे राहून पाहा.

डोंगरावर धूर दिसतो. आपण म्हणतो, तिथे आग आहे. आग काही दिसलेली नाही, दिसला तो धूर. बाकीचे काम एका नियमाने केले, की जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, या नियमाला व्याप्ती म्हणतात. चार्वाक विचारतो, ही व्याप्ती तुम्हाला कळली कुठून? पाहून कळली म्हणाल, तर तुम्ही पाहिलेत ते तुमच्या स्वयंपाकघरातले, यज्ञातले आणि शेकोटीचे धूर. उद्याचे धूर तुम्ही पाहिलेले नाहीत आणि परमुलखातले तर नाहीतच नाहीत. अनुमानाने कळली म्हणाल, तर त्या अनुमानाला आणखी एक व्याप्ती लागेल, तिला आणखी एक, आणि ही रांग संपायची नाही. कुणी जाणत्याने सांगितली म्हणाल, तर हा जाणता खरे बोलतो हे तुम्ही पुन्हा अनुमानानेच ठरवलेत.

फळ्यावर एवढे लिहावे आणि मुलांना विचारावे, यातली कोणती पायरी मोडता? पहिले उत्तर ठरलेले असते : पण सर, हे तर सायन्सने सिद्ध झालंय. सायन्सने सिद्ध केले तेही आजवर पाहिलेल्यावरूनच, तेव्हा प्रश्न तिथेही जसाच्या तसा लागतो. दुसरे उत्तर जरा बरे असते. अनुमान खोटे आहे हे चार्वाक स्वतः कशावरून ठरवतो? तेही अनुमानच झाले की! हा आक्षेप जुन्या ग्रंथांतूनही येतो आणि मुलांना तो आपला आपण सुचला की वर्गाचा नूर पालटतो. त्यावर चार्वाकाच्या वतीने सांगता येते, की मी काही सिद्ध करायला बसलेलो नाही, तुमच्याच नियमांनी तुमचे सिद्ध होत नाही एवढेच दाखवतो आहे. इथे तास संपला तरी हरकत नाही. मुले बाहेर पडताना भांडत असतात, आणि ते भांडण तुपाबद्दल नसते.

स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७३९ साली छापलेल्या ग्रंथात हीच शंका उपस्थित केली. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या पेपरात ती विगमनाची समस्या म्हणून मानाने बसते. भारतीय तत्त्वज्ञानाच्या पेपरात तीच शंका गमतीच्या श्लोकाखाली दबून जाते. ह्यूम शिकवणारा आणि चार्वाक शिकवणारा प्राध्यापक बहुधा एकच असतो, कारण अनेक महाविद्यालयांत विभाग म्हणजे एकच माणूस. तरीही दोन पेपरांची गाठ पडत नाही.

नैयायिक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी व्याप्ती पारखायची रीत काढली. जिथे धूर तिथे आग हे टिकते, पण जिथे आग तिथे धूर हे टिकत नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पाहा, आग आहे आणि धूर नाही. मग आगीतून धूर केव्हा निघतो? सरपण ओले असेल तेव्हा. हे ओले सरपण म्हणजे त्या नियमातली लपलेली अट, शास्त्रात तिला उपाधी म्हणतात. एखाद्या नियमाची उपाधी सापडली की तो नियम फसवा ठरला. मोबाइल जास्त वापरणाऱ्या मुलांना मार्क कमी पडतात, असे पालकसभेत कुणी ठासून सांगितले, की विद्यार्थ्याने मनात विचारावे, इथे ओले सरपण कुठले? घरात अभ्यासाला जागा नाही म्हणून मुलगा मोबाइल घेऊन जिन्यात बसतो, असे तर नाही? ही विद्या वर्तमानपत्र वाचायलाही पुरते.

तरी चार्वाक म्हणणारच, तुम्हाला न सापडलेली उपाधी कुठेतरी असेल. शंकेला मग अंत कुठे? सुमारे हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी यावर जे सांगितले ते मला फार आवडते. शंका घ्यावी, पण ती आपल्याच वागण्याच्या आड येईपर्यंत. आगीतून धूर निघतो यावर ज्याचा खरोखर विश्वास नाही तो धूर हवा असताना आग का पेटवतो? भूक भागेल याची खात्री नसेल तर ताटावर का बसतो? बाराव्या शतकात श्रीहर्षाने उदयनाचाच श्लोक थोडे शब्द फिरवून त्याच्यावर उलटवला. शंका आणि वागणे यांत विरोध दाखवायचा तर शंका आधी असलीच पाहिजे. मग तो विरोध शंकेला संपवणार कसा? आणि विरोध नसेलच, तर शंकेला अडवायला उरले कोण? चौदाव्या शतकाच्या आसपास मिथिलेच्या गंगेशाने श्रीहर्षाला उत्तर दिले. तीनचार शतके हा वाद चालला, वाद घालणाऱ्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते, पण प्रत्येकाने आधीच्याचे म्हणणे पुरते उभे करूनच आपले मांडले. यात कोण जिंकले हे मी विद्यार्थ्यांना सांगत नाही. माझा कल उदयनाकडे आहे, आणि श्रीहर्षाला पुरेसे उत्तर मला देता येत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे नाहीसे झाले आहेत. जयराशिभट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह' तेवढा हाती लागला, तो १९४० साली बडोद्याच्या ग्रंथमालेत छापला गेला, आणि त्यालाही चार्वाक म्हणावे की नाही यावर अभ्यासकांत एकमत नाही. बाकी सगळे आपल्याला विरोधकांच्या तोंडून कळते. माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिलेच दर्शन चार्वाकांचे आहे, आणि व्याप्तीवरचा वर मांडलेला हल्ला त्यात व्यवस्थित नोंदलेला आहे. हा ग्रंथकार वेदान्ती. ज्याला पाडायचे त्याचीच बाजू त्याने सांभाळून ठेवली. सगळ्यांनीच एवढी नेकी दाखवली नाही हेही खरे. नुसती टिंगल करणारे पुष्कळ होते. पुरंदर नावाचा एक चार्वाक रोजच्या व्यवहारातले अनुमान मान्य करत असे, त्याचा आक्षेप होता तो परलोकासारख्या अदृश्य गोष्टींच्या अनुमानाला. म्हणजे गाईडातले ते पहिले वाक्यही सरसकट खरे नाही.

विरोधकाला आधी पुरते बोलू देण्याचा हा रिवाज फक्त आपला, असे मात्र कुणी समजू नये. देकार्तचा 'मेडिटेशन्स' हा ग्रंथ १६४१ साली निघाला तो विरोधकांच्या आक्षेपांसकट. छापण्यापूर्वी हस्तलिखित जाणकारांत फिरवले गेले, हॉब्ज, आर्नो, गासांदी यांच्यासारख्यांनी आक्षेप पाठवले आणि आक्षेपांच्या सहा माळा व देकार्तची उत्तरे त्याच पुस्तकात बांधली गेली. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत सातवी आली. आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या भागाचा सारांश मिळतो, आक्षेपांचा भाग कुणी दाखवत नाही. म्हणजे नाटकातल्या एकाच पात्राचे संवाद पाठ करायला देण्यासारखे झाले.

देकार्तला सर्वांत अवघड प्रश्न विचारला तो या सात माळांत नाहीच. १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्र लिहिले. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिचे म्हणणे असे : तुम्ही सांगता की शरीर जागा व्यापते आणि मन मुळीच जागा व्यापत नाही. एखादी वस्तू हलते ती दुसरीने तिला ढकलल्यावर, आणि ढकलायला स्पर्श लागतो, स्पर्शाला पृष्ठभाग लागतो. ज्याला पृष्ठभागच नाही ते मन माझा हात हलवते कसे? देकार्तने उत्तर दिले. ते पटले नाही असे तिने पुढच्या पत्रात सरळ कळवले. त्याने पुन्हा लिहिले, तिने पुन्हा शंका घेतली. तिची भाषा अतिशय अदबीची आहे आणि माघार ती एकदाही घेत नाही. टी.वाय.च्या मुलींना मी ही पत्रे वाचायला देत असे, आणि मुलांनाही. थोर माणसाला प्रश्न कसा विचारावा याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

पहिल्या वर्षाला एक ताप हटकून येतो. चार विरोधी मते वाचली की मुले जाहीर करतात, सगळे सापेक्ष आहे, ज्याचे त्याचे सत्य वेगळे. हे बोलताना चेहऱ्यावर मोठे शहाणपण असते. प्रोटागोरसचे म्हणणे काहीसे असेच होते, आणि प्लेटोने 'थिएटीटस' या संवादात ते मन लावून मांडले आहे, अगदी प्रोटागोरस परत येऊन काय म्हणाला असता हेही सांगितले आहे. मग विचारले आहे, की प्रत्येकाला जे वाटते ते त्याच्यापुरते खरे, तर प्रोटागोरस चुकतो असे ज्यांना वाटते त्यांचेही खरेच ना? त्याने ते कबूल केले की त्याच्या सिद्धान्ताची वाट लागली. नीतीच्या बाबतीत हाच ताप जास्त महागात पडतो. ज्या त्या समाजात जे रूढ ते तिथे योग्य, असे एकदा धरले की १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव आणि सावित्रीबाई त्या वेळच्या पुण्यापुरते चुकलेच म्हणावे लागेल, आणि शेण फेकणारे बरोबर. हे मान्य करायला वर्गातले कुणी तयार होत नाही. मग मुले आपल्या मूळ विधानाकडे परत जातात आणि त्यात बदल करू लागतात. सापेक्षतावादाच्या बाजूने याहून सावध मांडणी करता येते, आणि ती करायला त्यांनाच लावावे.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून दोघांनी मिळून केलेला तो वाद. कसेही करून जिंकायचे म्हणून केलेला तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची नुसती मोडतोड करायची, ती वितंडा. चर्चेत माणूस कुठे कुठे हरला असे धरायचे, त्याची बावीस ठिकाणेही मोजून दिली आहेत. मध्येच विषय बदलणे आणि काहीतरी काम निघाल्याचे सांगून उठून जाणे हीसुद्धा त्यांत आहेत. रात्री नऊच्या वाहिन्यांवर कोणता प्रकार चालतो ते सांगायला नको. चिंतेची बाब ही की आपल्या आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांतही करंडक जल्पालाच मिळतो.

तर्कशास्त्राविषयी थोडक्यात. अकरावी-बारावीला ते स्कोअरिंग म्हणून घेतात, सत्यताकोष्टके भरतात, सिद्धता लिहितात आणि शंभरापैकी नव्वद आणतात. तोच विद्यार्थी नीतिशास्त्राच्या पेपरात बिनदिक्कत लिहून जातो तो पाऊस पडला तर रस्ता ओला होतो, रस्ता ओला आहे, म्हणून पाऊस पडला असणार, अशाच घाटाचा युक्तिवाद. पाण्याचा टँकर गळत गेला असेल हे त्याच्या डोक्यात येत नाही, कारण चिन्हांचे तर्कशास्त्र वेगळ्या वहीत असते. दोन वह्या एक करा, एवढेच सांगणे आहे.

आता हे सगळे मराठीत करायचे की नाही? करायचे, आणि झालेलेही आहे. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचून पचवले आणि त्यांच्या पद्धतीने घरच्या रूढींवर लिहिले. त्यांच्या निबंधांत विरोधकाचे म्हणणे मुद्देसूद येते आणि मग त्याची चिरफाड होते. टिळकांनी बी.ए. केले ते गणित घेऊन. पण मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या 'गीतारहस्या'त कान्ट, मिल, ग्रीन यांच्याशी त्यांनी मराठीतून जो सामना केला तो आजच्या एम.ए.च्या प्रबंधांत सहसा दिसत नाही. गीतेच्या संन्यासपर अर्थाविरुद्ध ते लिहीत होते, म्हणून त्या अर्थाची बाजू त्यांना आधी पानेच्या पाने मांडावी लागली.

खानदेशात अमळनेरला १९१६ साली प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढले. पुढे 'श्यामची आई' लिहिणारे साने गुरुजी तत्त्वज्ञान शिकायला तिथेच गेले होते, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा स्वतंत्र बुद्धीचा तत्त्वज्ञ काही काळ तिथे होता. या संस्थेतून १९३३ साली 'अज्ञान' नावाचा एक इंग्रजी ग्रंथ निघाला. अद्वैतातल्या अज्ञानाच्या कल्पनेवर मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचे तीन निबंध त्यात आहेत आणि तिघांचे एकमेकांशी पटत नाही. एकाच संस्थेतल्या तिघांनी एकमेकांविरुद्ध लिहावे आणि एकाच बांधणीत छापावे, हे आजच्या विद्यापीठांत घडेल का याची मला शंका आहे.

याच अज्ञानाचे खंडन मराठीत त्याआधी सुमारे साडेसहाशे वर्षे होऊन गेले होते. 'अमृतानुभवा'तले सातवे प्रकरण त्याच नावाचे आहे आणि त्या ग्रंथातले सर्वांत लांब प्रकरणही तेच. अज्ञान ज्ञानाच्या ठायी राहते म्हणावे तर ज्ञानाचे ज्ञानपण उरत नाही, ते एकटेच आहे म्हणावे तर ते आहे हे कळायलाही ज्ञानच लागते. प्रतिपक्षाचा एकेक पर्याय उभा करायचा आणि पाडायचा, असा ज्ञानदेवांचा क्रम आहे. आपण हा ग्रंथ मराठीच्या विभागाकडे सोपवून मोकळे झालो. तिथे त्यातल्या उपमा शिकवतात, आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात शंकराचार्यांवरचे इंग्रजी पुस्तक शिकवतात.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात मे. पुं. रेगे यांनी 'नवभारत'मधून, दि. य. देशपांडे यांनी आपल्या पुस्तकांतून आणि 'आजचा सुधारक'मधून मराठीला काटेकोर युक्तिवादाचे वळण लावले. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ साली 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' तीन खंडांत निघाला. एवढा कोश ज्या भाषेत आहे तिच्यात परिभाषा नाही अशी तक्रार करणाऱ्याने तो निदान चाळून पाहावा. रेग्यांच्या पुढाकाराने १९८३ साली पुण्यात झालेला प्रयोग तर अभ्यासक्रमातच असायला हवा. बर्ट्रंड रसेलची विधानासंबंधीची उपपत्ती संस्कृतात मांडून पारंपरिक पंडितांपुढे ठेवली गेली, आणि ज्यांना इंग्रजी येत नव्हते अशा नैयायिकांनी तिच्यावर आक्षेप घेतले. 'संवाद' या नावाने ती चर्चा पुढे प्रसिद्ध झाली. तीत पंडितांनी रसेलला भारतीय ठरवले नाही की परकीय म्हणून हाकलले नाही. त्याला त्यांनी पूर्वपक्ष केले, म्हणजे मानाने वागवले.

खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी पुस्तकांची धास्ती असते. त्याने इंग्रजी वाचायला शिकावेच, पर्याय नाही. पण विचार लिहून काढायचा तो आधी मराठीत. शब्दांवाचून अडत नाही, अडते ते युक्तिवादाची साखळी मनात तुटक असते म्हणून, आणि परक्या भाषेच्या आडोशाला ती तुटकी साखळी लपून राहते.

मामाचा प्रश्न राहिलाच : पुढे काय करणार? खोटे बोलण्यात अर्थ नाही. या पदवीवर थेट नोकरी मिळत नाही. दहावीपर्यंत शाळेत हा विषयच नसल्यामुळे बी.एड.ला जाताना अध्यापनपद्धतीचा विषय कोणता, इथून अडचण सुरू होते. प्राध्यापकाच्या जागा क्वचित निघतात. कायद्याकडे वळणाऱ्यांना मात्र या अभ्यासाचा चांगला उपयोग झालेला मी पाहिला आहे. प्रतिपक्षाचा दावा त्याच्याहून नीट मांडता येणारा वकील सहसा गाफील सापडत नाही. यूपीएससीला वैकल्पिक म्हणून घेतला तर अडीचशे गुणांचे दोन पेपर असतात. पण नुसता त्यासाठी बी.ए.ला हा विषय घेऊ नये, कारण तिथे लागणारी तयारी पदवीनंतर वेगळी करता येते आणि वर्गातली तीन वर्षे मग कंटाळ्यात जातात. आईवडिलांना हे सगळे आधीच सांगावे. पटवून देता आले नाही तर विद्यार्थ्याने निदान त्यांची बाजू, पैशांच्या हिशेबासकट, पुरती मांडून दाखवावी. त्यांचे म्हणणे बहुतेक वेळा मुलांना वाटते त्यापेक्षा भक्कम असते.

पुस्तकाविषयी दोन शब्द. प्रत्येक प्रकरण ज्या मताला शेवटी नाकारायचे त्याच्यापासून सुरू होते आणि निम्मी पाने त्यालाच दिलेली आहेत. प्राध्यापकांनी हा भाग घाईत उरकू नये. दर आठवड्याला विद्यार्थ्याला एक पान लिहून आणायला सांगावे, त्याला न पटणाऱ्या मताच्या बाजूने, आणि त्याचे स्वतःचे मत कोणते हे वाचणाऱ्याला ओळखता येता कामा नये. सुरुवातीला मुले विरोधकाला मूर्ख करून लिहितात. ते पान शेरा न मारता परत द्यावे आणि पुन्हा लिहायला लावावे. विगमनाचे प्रकरण तिसरे आहे, ते पहिले घेतले तरी चालेल. सौंदर्यमीमांसेचे प्रकरण मला त्रोटक वाटले.

इच्छास्वातंत्र्याच्या प्रकरणावर माझे लेखकाशी जमले नाही. त्यांचे म्हणणे असे, की माणसाच्या प्रत्येक निर्णयामागे आधीची कारणे असतात, म्हणून शिक्षा ही फक्त सुधारणेसाठी किंवा इतरांना जरब बसावी म्हणून देता येते, अमक्याची ती लायकीच होती असे म्हणता येत नाही. मी विचारले, की लायकीचा विचार एकदा काढून टाकला, तर जरब बसते म्हणून निरपराध माणसाला फासावर देण्यात वावगे काय ते कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांनी माझा आक्षेप परिशिष्टात पुरता छापला आहे आणि खाली उत्तर दिले आहे. ते उत्तर मला पटलेले नाही. परिशिष्ट शेवटी असले तरी ते प्रकरणाच्या लगोलग वाचावे, आणि माझ्या आक्षेपात जी एक फट लेखकांच्या नजरेतून सुटली आहे ती विद्यार्थ्यांनी शोधावी.